मौनाचें मोल

वर्गांत रहस्यकथेचें पुस्तक सांपडलें कीं तें जप्त करावयाचें, हा आमचा शिक्षकी पेशांतील नियम होता. निवृत्तीनंतर आमच्या नातीनें तसलेंच एक पुस्तक आमच्या हातीं दिलें आणि आम्हीं तें दोन रात्री जागून संपविलें, हें आरंभींच कबूल करितों. पुस्तक लिंडा कॅस्टिलो या अमेरिकन लेखिकेचें असून तें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. नांव ‘स्वॉर्न टु सायलेन्स’, म्हणजे मौनाची शपथ.

कथा घडते ती अमेरिकेच्या ओहायो राज्यांत, आमिश लोकांच्या मुलखांत. हे लोक कोण, हें प्रथम सांगणें अवश्य आहे. १६९३ सालीं स्वित्झर्लंड व आल्सास या भागांतील एका ख्रिस्ती पंथांत याकोब अम्मान नांवाच्या उपदेशकाच्या कडक मतांमुळें फूट पडली आणि त्याचे अनुयायी पुढें आमिश म्हणून ओळखले जाऊं लागले. अठराव्या शतकांत ते पेन्सिल्व्हेनियांत येऊन राहिले. आज त्यांची संख्या साडेतीन लाखांवर आहे. साधा पोशाख, घोड्याची बग्गी, घरांत जर्मन वळणाची बोली. दारीं स्वतःची मोटार नाहीं. मुलांचें शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंतच. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ही मुभा मान्य केली. जुन्या मास्तरांस ती रुचणें कठीण! त्यांच्या आचारनियमांस ‘ओर्डनुंग’ म्हणतात. बाप्तिस्मा घेतल्यावर जो ते मोडील व पश्चात्ताप करणार नाहीं, त्याच्याशीं पंक्तिव्यवहार बंद. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहानें पुण्यांत केवढें ग्रामण्य माजविलें, हें ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे, त्यांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

कादंबरीची नायिका केट बर्कहोल्डर ही याच समाजांत जन्मलेली, परंतु त्यांतून बाहेर पडून पेंटर्स मिल या कल्पित गांवची पोलीसप्रमुख झालेली. चौदाव्या वर्षीं तिच्यावर घरांतच एका पुरुषानें अत्याचार केला आणि तिनें त्याच्यावर बंदूक झाडली. घरच्यांनीं प्रेत गुपचूप दूर केलें आणि सर्वांस मौन पाळावयास लावलें. पुढें सोळा वर्षांनीं गांवांत तशाच खुणेचे खून पडूं लागतात. तो मनुष्य खरोखर मेला होता कीं नाहीं? तपास करणारीच अशी स्वतःच्या गुपितानें बांधलेली! सरकारी तपासअधिकारी जॉन टोमासेटी हाहि दुःखानें पोळलेला. त्यांची प्रीति हळूहळू उमलते. कांहीं वर्णनें मात्र इतकीं भीषण आहेत कीं हें पुस्तक मुलांच्या हातीं देऊं नये.

आमिश लोक शपथ घेत नाहींत. कोर्टकज्जा शक्य तों टाळतात. क्षमा हा त्यांचा धर्म. ती केवळ बोलण्याची नव्हे. २ ऑक्टोबर २००६ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील निकेल माइन्स येथें एका बाहेरच्या इसमानें शाळेंत शिरून पांच मुलींचे प्राण घेतले व स्वतःचाहि अंत केला. त्या समाजाचीं माणसें त्याच्या बायकोमुलांच्या सांत्वनास गेलीं, त्याच्या अंत्यविधीसहि हजर राहिलीं. हें वाचून आमची मान लवली.

तथापि क्षमा आणि मौन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या कादंबरीचें खरें मर्म आम्हांस येथेंच दिसलें. ज्याचा अपराध झाला, त्यानें आपण होऊन केलेली ती क्षमा. लौकिकासाठीं इतरांनीं त्याच्या तोंडावर ठेवलेला हात, तें मौन. केटला क्षमा करण्याची संधीच कोणीं दिली नाहीं; तिला फक्त गप्प बसविलें.

अनेक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक मुलगी, संस्कृतांत नेहमीं पहिली, एकाएकीं शाळेंत येईनाशी झाली. आम्ही घरीं चौकशीस गेलों. वडील मंडळींनीं चहा दिला आणि “मास्तर, घरची गोष्ट आहे, ती घरांतच राहूं द्या,” असें सौम्यपणें सांगितलें. ती माजघराच्या दारांत उभी होती. तिनें आमच्याकडे पाहिलें. कुलीन घर, प्रतिष्ठित माणसें. अधिक विचारणें आम्हांस असभ्य वाटलें, आणि आम्ही उठलों. तिच्यावर काय गुदरलें होतें, तें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. पुस्तक वाचतांना ती वारंवार डोळ्यांपुढें येत होती.

मौनाची थोरवी आपल्या सुभाषितकारांनीं पुष्कळ गाइली आहे, आणि आम्हींहि ती मुलांस घोकावयास लाविली. आतां एवढीच पुस्ती जोडतों: भरल्या घरांत एखादें मूल अचानक अबोल झालें, तर तें शहाणें झालें असें समजूं नये. त्यास जवळ बसवून विचारावें. आणि तें बोलूं लागलें, तर शेवटपर्यंत ऐकावें.