धावणं सुटलं, चालणं सुटू नये

तरुणपणी भरतीसाठी मैलोन्‌मैल धावलेली माणसं चाळिशीनंतर गुडघे कुरकुरू लागले की धावणं सोडतात. जेवण मात्र तेवढंच राहतं. मग वजन वाढतं, जिना चढताना धाप लागते.

गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, पंचेचाळिशीच्या आसपास, हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर चालणं, योगासनं आणि बदललेला आहार त्यांच्या दिनक्रमात आला.

आपण झटक्याची वाट का पाहावी? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग हवा. दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करा. गुडघे दुखत असतील तर सायकल बरी.

आपल्याकडचा उन्हाळा कडक, म्हणून सकाळीच निघा. जंगलालगतच्या रस्त्यावर मात्र पुरतं उजाडल्यावर आणि सोबतीनंच. पहाटे वाघही फिरायला निघतो.