पांढऱ्या कोटातील माणसे

पुनावळ्याहून महामार्गाने रावेत-किवळे ओलांडून मुंबईच्या दिशेने थोडे पुढे गेले, की गहुंज्याच्या क्रिकेट मैदानाचे विस्तीर्ण छत डोंगररांगेच्या पार्श्वभूमीवर दिसू लागते. आणि १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या, शेताच्या बांधावरून इमारतींच्या गच्चीवर जाऊन पोहोचलेल्या आमच्या पुनावळ्याला, जगाच्या क्रीडाव्यवहारातील एखादा प्रसंग आपल्या शेजारी घडतो, हा अनुभव त्या छतामुळेच मिळाला. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथे विश्वचषकातील भारत-बांगलादेश सामना झाला. विजय दोन धावांवर आला असता आणि विराट कोहली ९७ धावांवर खेळत असता गोलंदाज नसुम अहमदचा एक चेंडू पायाच्या बाजूने बाहेर गेला, पंच रिचर्ड केटलबरो यांनी तो वाइड ठरवला नाही, आणि लवकरच कोहलीने षटकार मारून शतक व विजय दोन्ही एकदमच साधले. त्यानंतर कित्येक दिवस त्या न उचललेल्या हातांचीच चर्चा चालू राहिली. फलंदाज जागेवरून हलला असेल तर ते हलणे वाइड ठरवताना हिशेबात घ्यावे, ही २०२२ च्या नियमांतील तरतूद फार थोड्यांनी सांगितली. पंचाने शतकाला हातभार लावला, अशी कुजबूज मात्र पुष्कळांनी केली. ज्याच्यावर हा आरोप होता, त्याने खुलासा करावा अशी रीत नाही आणि कोणी त्याच्याकडे तो मागितलाही नाही. सर्वांनी ज्याच्याविषयी बोलावे आणि ज्याने स्वतः मात्र बोलू नये, अशा या व्यवसायातील माणसांचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा मागोवा घ्यावा, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

आरंभ मुंबईपासून केला पाहिजे. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना चालू असता, भारताचा डाव आधीच ढासळलेला असताना, पंच शंभू पान यांनी व्यंकटराघवन यांना यष्टिरक्षकाकरवी झेलबाद ठरवले. रेडिओवरील समालोचकाला तो निर्णय चुकीचा वाटला व त्याने तसे बोलून दाखवले. आणि ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेल्या प्रेक्षकांनी, डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विश्वास ठेवून, बाटल्या फेकल्या, खुर्च्या मोडल्या, आडोशांना आगी लावल्या. त्या दिवसाची हकिकत सांगताना आपण दंगलीविषयी सांगतो, खेळ कसा चालू राहिला ते सांगतो. परंतु धुराने भरलेल्या त्या मैदानावर पुढच्या चेंडूसाठी पुन्हा यष्ट्यांमागे उभे राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न आपल्या वाङ्मयात जवळजवळ कोणी विचारलेला नाही. त्याला निर्णय मागे घेण्याची सोय नव्हती, आपली कैफियत मांडण्याची जागा नव्हती, आणि समालोचकाच्या हाती होता तसा ध्वनिक्षेपकही नव्हता.

ज्या फलंदाजामुळे, म्हणजे ज्याच्या बाद होण्यामुळे, हे सारे पेटले, त्या व्यंकटराघवन यांनीच पुढे पंचाचा कोट अंगावर चढवला, ७३ कसोटी सामन्यांत ते उभे राहिले, आणि २००२ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पंचांचे पहिले श्रेष्ठ मंडळ नेमले तेव्हा त्यात त्यांची निवड झाली. आपल्यावर दिला गेलेला निर्णय ज्याने एवढ्या गदारोळात ऐकला, त्याने दुसऱ्यांवर निर्णय देण्याचा व्यवसाय पत्करावा, या घटनेत मला या व्यवसायाच्या प्रतिष्ठेची फार मोठी साक्ष दिसते.

त्याच काळातील ज्यूडा रूबेन यांचे नाव महाराष्ट्राने विसरू नये. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले, मुंबई पोलिसांत नोकरी केलेले हे गृहस्थ १९६९ ते १९७७ या काळात दहा कसोटींत पंच होते. जानेवारी १९७७ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडच्या जॉन लीव्हरची व्हॅसलीन लावलेली कपाळपट्टी त्यांच्या नजरेस आली आणि त्यांनी ती बाब वरिष्ठांच्या कानी घातली. त्यावरून दोन देशांच्या क्रिकेट मंडळांत केवढे वादळ उठले, ते सर्वश्रुत आहे. इंग्लंडच्या मंडळाने आपल्या खेळाडूला दोषमुक्त ठरवले. पंचाने त्यात न्याय केला नव्हता, हेतूचा निवाडा केला नव्हता. जे दिसले ते दफ्तरी दाखल केले होते. पंचाच्या कामाचा बराचसा भाग असाच, पंचनाम्याच्या जातीचा असतो, आणि तो करण्यासाठी लागणारे धैर्य बोट वर करण्याच्या धैर्याहून वेगळे, अधिक एकाकी असते.

फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर झालेल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या प्रसंगाकडे आपण एकाच बाजूने पाहत आलो आहोत. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ असताना पंच हनुमंत राव यांनी बॉब टेलर यांना झेलबाद दिले. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना झेल झाला नसल्याचे जाणवले, त्यांनी पंचांना विनंती केली आणि टेलर परत खेळायला आले. पुढे टेलर-बोथम जोडीने १७१ धावांची भर घातली आणि भारत सामना हरला. विश्वनाथ यांच्या उमदेपणाचे गोडवे आपण गातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या औदार्यात दुसरा एक भागीदार होता. भरल्या मैदानावर, सर्वांच्या देखत, आपला हुकूम आपल्याच तोंडाने रद्द करणाऱ्या पंचालाही त्या क्षणी अहंकार गिळावा लागला होता, आणि त्याच्या वाट्याला मात्र स्तुतीचा एक शब्दही फारसा आला नाही.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात, जेथे पंचाला शिव्या घालणे ही प्रेक्षकांची पिढीजात करमणूक समजली जाते, याच जातीची एक घटना २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे घडली. आर्मांडो गलारागा या गोलंदाजाने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला असता तर शतकाहून अधिक काळाच्या इतिहासात जेमतेम वीसेकदा घडलेला निर्दोष सामना त्याच्या नावावर लागला असता. पहिल्या तळावरच्या जिम जॉइस या अनुभवी पंचाने धावणारा फलंदाज सुरक्षित पोहोचल्याचा निर्णय दिला, आणि तो साफ चुकला. सामना संपल्यावर चित्रफीत पाहताच त्याने गलारागाची भेट घेऊन चूक कबूल केली, क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात मुख्य पंच म्हणून जॉइसच उभा होता. तेव्हा संघाची यादी त्याच्या हाती देण्यासाठी व्यवस्थापकाऐवजी स्वतः गलारागा आला, आणि पंचाला आपले अश्रू आवरता आले नाहीत. निर्णय कायम राहिला, विक्रम गेला तो गेलाच. पण चुकलेल्या पंचाला खेळाडूने सांभाळून घ्यावे, याचे एवढे स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही. त्या खेळातही पुढे २०१४ पासून चित्रफितीच्या आधारे निर्णय फिरवण्याची सोय विस्तारली.

आपल्याकडे १९८६ या एकाच वर्षात पंचांच्या नशिबाची दोन टोके दिसली. सप्टेंबरात मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी बरोबरीत सुटली, ती व्ही. विक्रमराजू यांनी मणिंदर सिंगला पायचीत दिल्यामुळे. ती विक्रमराजू यांची केवळ दुसरी कसोटी होती, आणि शेवटचीही ठरली. नोव्हेंबरात पाकिस्तानने वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी तटस्थ पंच म्हणून दोन भारतीयांनाच पाचारण केले: व्ही. के. रामस्वामी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरी केलेले पिलू रिपोर्टर. दोन महिन्यांपूर्वी ज्या वर्गातील एका माणसावर स्वदेशातच संशयाची नजर रोखली गेली होती, त्याच वर्गातील दोघांची निःपक्षपातीपणाबद्दल प्रतिस्पर्धी देशाने हमी मानली. चौकाराची खूण करताना कमरेत वाकून उत्साहाने हात हलवण्याची रिपोर्टर यांची लकब प्रेक्षकांना भारी आवडे. १४ कसोटी आणि १९९२ चा विश्वचषक त्यांच्या जमेस आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात त्यांचे निधन झाले.

यंत्राचा प्रवेश नोव्हेंबर १९९२ मध्ये झाला. दरबानला चित्रवाणीच्या पडद्यावर पाहून धावबाद ठरवलेला जगातला पहिला फलंदाज म्हणजे सचिन तेंडुलकर. पुढे पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची पद्धत आली. भारतीय मंडळाने ती दीर्घकाळ नाकारली, आणि त्या नकाराची किंमत पंचांनी मोजली. २ ऑक्टोबर २०१५ रोजी धर्मशाळेत दक्षिण आफ्रिकेच्या ड्युमिनीविरुद्धचे पायचीतचे अपील पुण्याचे विनीत कुलकर्णी यांनी फेटाळले. ड्युमिनीने नाबाद ६८ धावा करून सामना नेला, आणि पराभवाचा सारा बोजा पुण्याच्या एका तरुण पंचाच्या खांद्यावर टाकला गेला. दाद मागण्याची सोय असती, तर ती चूक दोन मिनिटांत दुरुस्त होऊन विसरली गेली असती. वर्षभराने भारताने ती पद्धत स्वीकारली. फेब्रुवारी २०१७ मध्ये गहुंज्याच्या पहिल्यावहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताच्या दुसऱ्या डावात दोन्ही सलामीवीरांनी पायचीतच्या निर्णयांवर दाद मागितली, दोन्ही वेळा पंच बरोबर निघाले, आणि काही षटकांतच संघाची शिल्लक संपली. यंत्राने पंचाची अप्रतिष्ठा केली, हे मत मला मान्य नाही. यंत्र आले तेव्हा पंच किती वेळा अचूक असतो, हे प्रथमच पुराव्यानिशी लोकांसमोर आले.

मेहनतान्यातही पालट झाला. नोकरीतून रजा काढून सामन्याला जाणाऱ्या पिढीनंतर, २०२२ साली भारतीय मंडळाने वरच्या दोन श्रेणींतील पंचांना प्रथम दर्जाच्या सामन्यासाठी दिवसाला ४०,००० रुपये ठरवले. अव्वल श्रेणीत नागपूरचे माजी रणजीपटू उल्हास गंधे होते. हा व्यवसाय पुरुषांपुरताही राहिला नाही: जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या वृंदा राठी गोव्यात पर्वरी येथे रणजी सामन्यात उभ्या राहिल्या. गुणलेखिका म्हणून काम करीत असता २०१३ च्या महिला विश्वचषकात न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉस यांना पाहून त्यांनी ही वाट धरली होती. पण या वाटेचा उंबरठा किती उंच आहे, ते २०२२ च्या जुलैत अहमदाबादला झालेल्या परीक्षेवरून कळते. महिला व कुमारांच्या सामन्यांसाठीच्या त्या परीक्षेत २०० पैकी ९० गुण पुरेसे होते. १४० उमेदवारांपैकी तिघे उत्तीर्ण झाले. एक प्रश्न असा होता: गोलंदाजाच्या बोटाची जखम खरी आहे, पट्टी काढली तर रक्त येईल, हे तुम्हाला पटलेले आहे, तरी पट्टी काढायला सांगाल काय? उत्तर: होय, गोलंदाजी करायची असेल तर पट्टी काढलीच पाहिजे.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात, चाकणपासून हिंजवडीपर्यंत, रविवारी कंपन्यांच्या आणि सोसायट्यांच्या संघांचे जे सामने भरतात, त्यांत हाच प्रश्न कागदावर नव्हे, प्रत्यक्ष उभा राहतो. आठवडाभर यंत्रावर काम करून बोट सोलपटलेला गोलंदाज समोर असतो, आणि पंच बहुधा त्याच्याच ओळखीतला असतो. त्याच्या पाठीशी कॅमेरा नसतो, पण प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करीत असतो. १९६९ सालचा पंच जसा एकटा होता, तसाच हा आजही एकटा आहे. म्हणून आयोजकांपाशी माझे एवढेच मागणे आहे: दिवसभर दोनच माणसांना उन्हात उभे करू नये, तिसरा पंच आलटूनपालटून सावलीत बसेल अशी तजवीज करावी, ठरलेला मेहनताना सामना संपताच हाती द्यावा, विजेत्यांच्या सत्कारानंतर नव्हे, आणि पंचाच्या अंगावर धावून जाणाऱ्या खेळाडूचे नाव त्याच दिवशी नोंदवून पुढच्या रविवारी त्याला खेळू देऊ नये, मग तो संघाच्या मालकाचा मुलगा असला तरीही.