जॉर्ज कॅडबरी

जॉर्ज कॅडबरी (१८३९–१९२२) हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे इंग्रज उद्योजक होते. १८६१ मध्ये त्यांनी थोरले बंधू रिचर्ड यांच्यासह वडिलांचा बर्मिंगहॅममधील कोकोचा व्यवसाय हाती घेतला. प्रत्येक माणसात ईश्वरी अंश असतो, या श्रद्धेमुळे कामगारांचे कल्याण हे त्यांना मालकाचे कर्तव्य वाटे. १८७९ मध्ये कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिलला हलवण्यात आला. पुढे तेथे बागांसह घरे बांधली गेली. १९०० मध्ये जॉर्ज यांनी ही वसाहत विश्वस्त संस्थेकडे सोपवली.

मात्र पोर्तुगीजांच्या ताब्यातील साओ टोमे बेटावरील कोको गुलामांच्या श्रमांतून पिकतो, हे १९०१ मध्ये कानी येऊनही कंपनीने खरेदी १९०९ पर्यंत थांबवली नाही. याविषयी टीका करणाऱ्या वृत्तपत्राविरुद्धचा बदनामीचा खटला कंपनीने जिंकला. भरपाई मिळाली ती केवळ पाव पेनी.