मोटारीचे कुलूप : आधार किती, भरवसा किती?

मोटारीला कुलूप लावले की आपण निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. मोटारीसंबंधीच्या चोऱ्या दोन प्रकारच्या असतात : मोटारच पळविणे आणि मोटारीतील वस्तू लांबविणे. या दोहोंच्या बाबतीत कुलपाची उपयुक्तता सारखी नाही.

युरोपातील अनुभव

पश्चिम जर्मनीत १९६३ पर्यंत नव्या-जुन्या सर्वच मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे करण्यात आले. त्यानंतर तेथील मोटारचोऱ्या घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ही सोय केवळ नव्या मोटारींना मिळाली. लंडनमध्ये चोरीस जाणाऱ्या मोटारींत नव्या मोटारींचे प्रमाण १९६९ मध्ये सुमारे एक-पंचमांश होते. १९७३ मध्ये ते जेमतेम एक-विसांश उरले. परंतु चोरांनी आपला मोर्चा जुन्या मोटारींकडे वळविला. उपाय अर्धवट असेल, तर संकट टळत नाही. ते केवळ शेजाऱ्याच्या दारी जाते.

पुढे १९९८ मध्ये युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर अनिवार्य झाला. किल्लीतील इलेक्ट्रॉनिक संकेत जुळल्याखेरीज यात इंजिन चालूच होत नाही. त्यामुळे तारा जोडून मोटार पळविण्याची जुनी युक्ती निष्प्रभ ठरली व मोटारचोऱ्यांना मोठा आळा बसला. तथापि, खिशातील किल्लीच्या संकेतावर आपोआप उघडणाऱ्या मोटारींच्या बाबतीत, घरात ठेवलेल्या किल्लीचा संकेत उपकरणाद्वारे मोटारीपर्यंत पोहोचविण्याची नवी क्लृप्ती चोरांनी शोधून काढली आहे.

काच हाच दुबळा दुवा

मोटारीतील वस्तूंना मात्र असे संरक्षण नाही. दाराचे कुलूप कितीही भक्कम असले, तरी खिडकीची काच क्षणात फुटते. भोंगाही विनाकारण वारंवार वाजू लागला की लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. जाता-येता दार उघडून पाहणाऱ्या संधिसाधूस कुलूप परतवून लावते. पण आसनावर ठेवलेली पिशवी पाहून ज्याला मोह झाला, त्याला ते थोपवू शकत नाही.

यास्तव कुलूप न चुकता लावावे, परंतु सारी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. कार्यालयीन कागदपत्रे, वसुलीची रक्कम वा तपासावयाच्या उत्तरपत्रिका उभ्या वाहनात ठेवू नयेत. फुटलेली काच नवी बसविता येते. विद्यार्थ्याची हरवलेली उत्तरपत्रिका मात्र पुन्हा मिळत नाही.