ओढ गेलेलं इंजिन

तापीचा पूर भुसावळच्या पावसावर ठरत नाही. सातपुड्यात किंवा पूर्णेच्या वरच्या अंगाला, विदर्भात, पाऊस कोसळला की इकडे आभाळ कोरडं असतानाही हतनूरचे दरवाजे उचलावे लागतात. हे ४१ दरवाजांचं धरण दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राला पाणी पुरवतं आणि पावसाळ्यात खालच्या गावांची झोप उडवतं. अशा वेळी धावून येते रबरी बोट आणि तिच्या मागच्या फळीवर कसलेलं ओबीएम, म्हणजे बाहेरून लावायचं पेट्रोल इंजिन. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा एक तळ आपल्या धुळ्यात आहे. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेत शोधकार्य करताना बोट उलटून याच दलाचे तीन जवान गेले. वाहतं पाणी किती निर्दय असतं, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिलं. म्हणून या इंजिनाकडे आधीपासून लक्ष असायला हवं.

थंड देशांत ही इंजिनं हिवाळाभर पडून राहतात. कोकणात मासेमारीबंदीचे जून-जुलै विश्रांतीचे. खानदेशात मात्र दिवाळीला ठेवलेलं इंजिन थेट जूनमध्ये निघतं, आणि मधल्या काळात जळगावचा ४५ अंशांचा उन्हाळा त्याच्यावरून जातो. मग ठरलेली तक्रार येते: सुरू होतं, काठावर छान चालतं, पण चार माणसं बसवून रेस दिली की पिकअप घेत नाही.

दोष बहुतेक वेळा पेट्रोलच्या वाटेत असतो. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उन्हाने उडून जातं आणि तळाशी चिकट, पिवळसर थर उरतो. टू-स्ट्रोक असेल तर ऑइलही त्यात असतं. जेटचं भोक केसाएवढं. ते अर्धं बुजलं तरी कमी रेसवर इंजिन भागवून नेतं, ओझं पडलं की उपाशी पडतं. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासह टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. गेल्या हंगामातलं पेट्रोल म्हणूनच बोटीत वापरूच नये.

पाना हातात घेण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, ते पाहावं. तो बंद असेल तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल ओढलं जात नाही. मग बोट पाण्यात, इंजिन ओझ्याखाली असताना नळीवरचा रबरी फुगा दाबत राहावा. दाबताना जोर येतो आणि सोडला की जातो? तर नळी कुठेतरी हवा घेते आहे किंवा इंधनपंपाचा पडदा गेला आहे. फुग्याने फरक पडत नाही, पण चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारतं? मग जेट साफ करायला कार्बोरेटर उतरवावाच लागेल. या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात आणि निम्मं काम वाचतं.

दोन सिलिंडरच्या इंजिनात एकच पेटत असेल तर ते मिस मारतं. इंजिन बंद करून दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. जो ओला आणि काळा, त्या बाजूला शोध घ्यावा. चालू इंजिनावर प्लगची टोपी उपसायची जुनी सवय सोडावी. झटका बसतो, आणि आजची इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळूही शकते.

आता पाण्याची धार. चालू इंजिनाच्या मागून बारीक धार पडते, ती थंडाव्याचं पाणी फिरत असल्याची खूण. पडून राहिल्याने ते पाणी फिरवणाऱ्या इंपेलरची रबरी पाती कडक होऊन वाकडी राहतात आणि धार मंदावते. तापलेल्या इंजिनाचा जोर कमी होतो. बरीच नवी इंजिनं तर स्वतःच रेस खाली आणतात. पण आपल्याकडे धार मंदावण्याचं आणखी एक कारण असतं: कुंभारीण माशी. धारेच्या भोकात ती ओल्या मातीचं घर बांधते आणि ते वाळून घट्ट बसतं. बारीक तार घालून ते भोक आधी मोकळं करावं. इंजिन मात्र कोरडं कधीही चालवू नये, इंपेलर काही क्षणांत जळतो.

इंजिन ओरडतं, पण बोट जागची हलत नाही, असं झालं तर इंधनाला दोष देऊ नका. पंख्याच्या मधला रबरी बुश बहुधा सुटलेला असतो.

पिंपात बुडवून घेतलेली चाचणी पुरेशी नाही. पिंपात पंख्याला खरं ओझं मिळत नाही, आणि इथला दोष तर ओझ्यावरच दिसतो. मेमध्येच हतनूरच्या किंवा जवळच्या तलावाच्या पाण्यात, पुरात बसतील तेवढी माणसं लाइफ जॅकेटसह बसवून, पूर्ण रेसवर बोट पळवून पाहावी.

दिवाळीत इंजिन ठेवताना टाकी रिकामी करा, नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन पाण्यात चालू ठेवा. गिअर ऑइलचा स्क्रू सैल करा. दुधासारखं पांढरट ऑइल आलं तर सील गेलं आहे, ते याच महिन्यात बदलून घ्या. मग इंजिन उभं ठेवून धारेच्या भोकावर कापड बांधा.