दुसऱ्याला बोलते करण्याचा व्यवसाय

बारावीचे निकाल लागले की घरोघरी अभ्यासक्रमांची चौकशी सुरू होते आणि अलीकडे तीत वाचोपचाराचे, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या 'स्पीच थेरपी'चे, नाव बरेचदा ऐकू येते. ही चौकशी करणारा विद्यार्थी बहुधा दोहोंपैकी एका वाटेने आलेला असतो. वैद्यकीय, दंतवैद्यकीय अशा पसंतींच्या यादीत शेवटच्या ओळीवर हा अभ्यासक्रम लिहिलेला असतो, ही एक वाट. दुसऱ्या वाटेने येणाऱ्याच्या घरी वक्तृत्व स्पर्धांतील ढाली मांडून ठेवलेल्या असतात आणि "आमची मुलगी बोलण्यात तरबेज; तिला हाच व्यवसाय शोभेल" असा आईवडिलांचा हिशेब असतो. पहिल्या वाटेविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. नाइलाजाने पत्करलेल्या कामावर पुढे जीव जडतो, हे आपण शिक्षकी पेशात पाहत आलो आहोत. दुसरा हिशेब मात्र मुळातच चुकतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासमोर बसून आपण कमी बोलावयाचे, हे या विद्येचे पहिले पथ्य होय. आणि अस्खलित वक्त्याला ते सर्वांत जड जाते.

आपल्याकडे ही विद्या तशी तरुण आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत तिच्या अध्यापनाला १९६० नंतरच्या दशकात आरंभ झाला. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ साली स्थापन झाली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायास नोंदणीचे बंधन आले. पदवीचा अभ्यासक्रम उमेदवारीच्या वर्षासह चार वर्षांचा आहे. त्यात कान, स्वरयंत्र, मेंदू, ध्वनिशास्त्र, मानसशास्त्र असे पुष्कळ काही शिकविले जाते व ते आवश्यकच आहे. परंतु रुग्णाशी गाठ पडते तेव्हा या ज्ञानाबरोबर आणखी काही लागते.

वाचाघाताचा रुग्ण घ्या. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या शल्यवैद्याने ज्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली, त्याला 'टॅन' या एका अक्षरापलीकडे जवळजवळ काहीच उच्चारता येत नव्हते. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला बरेचसे समजत असे. पक्षाघातानंतर अशी अवस्था झालेली माणसे आजही आपल्या आसपास असतात. जन्मभर कचेरी चालविलेल्या गृहस्थाला पत्नीचे नाव आठवून सांगता येत नाही आणि तोच रामरक्षा किंवा बे एके बेचा पाढा मध्ये न थांबता म्हणतो. घरच्यांना हा हट्ट वाटतो किंवा चमत्कार. पाठांतराची व गाण्याची वाट मेंदूत पुष्कळदा वाचते, हे वाचोपचारतज्ज्ञ जाणतो. १९७३ साली अमेरिकेत मांडल्या गेलेल्या, सुरावटीच्या आधाराने वाक्ये बोलावयास लावणाऱ्या पद्धतीचा आधार तोच आहे. मात्र पद्धत ठाऊक असणे वेगळे आणि समोरचा मनुष्य एका शब्दासाठी झगडत असताना दहा सेकंद गप्प राहणे वेगळे. ते दहा सेकंद फार लांब असतात. शब्द आपणच पुरविला की उभयतांची सुटका होते आणि उपचार तेवढ्यापुरता थांबतो. आपल्या वडिलांच्या वयाच्या या रुग्णाशी लहान मुलाशी बोलावे तसे लाडिक सुरात बोलू नये, हे वेगळे सांगावे लागू नये. पण पुष्कळ ठिकाणी सांगावे लागते.

लहान मुलांच्या बाबतीत कसोटी निराळी असते. तीन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून आई त्याला घेऊन येते, तेव्हा बरोबर आजी असतात आणि त्यांचे म्हणणे ठरलेले असते : "याचा बापही उशिराच बोलला." घरी वेखंड उगाळून चाटविण्याचा उपाय झालेला असतो. बावीस-तेवीस वर्षांच्या पदवीधराने या आजींना अडाणी ठरविले, तर त्या पुन्हा येणार नाहीत व नातवालाही येऊ देणार नाहीत. त्यांचा मान ठेवून, तरीही श्रवणतपासणी एक दिवसही लांबणीवर न टाकता, त्यांना आपल्या बाजूला वळविण्याचे कसब लागते. आठवड्यातून पाऊण तास मूल उपचारकाकडे असते. बाकीचा सगळा वेळ आई, आजी आणि शेजारची मुले यांच्याकडे. शिकवावयाचे ते खरे म्हणजे त्यांना.

प्रामाणिकपणाही येथेच कसास लागतो. दोन ते चार वर्षांच्या वयात अडखळू लागलेली बरीचशी मुले पुढे आपोआप नीट बोलू लागतात. काही लागत नाहीत. कोणते मूल कोणत्या गटातले, हे पहिल्याच भेटीत छातीठोकपणे सांगणारा आणि 'हमखास गुण' अशी पाटी लावणारा, दोघेही सारखेच धोक्याचे. "थोडे थांबून पाहू, मात्र तीन महिन्यांनी नक्की या," हे वाक्य उच्चारण्यास धैर्य लागते. त्यावर शुल्क घेण्यास तर अधिकच लागते.

प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक चिंता वाटते ती भाषेची. या विषयाचे शिक्षण इंग्रजीतून होते, ग्रंथ इंग्रजी, उच्चारांच्या कित्येक कसोट्या इंग्रजीवर बेतलेल्या. रुग्ण मात्र मराठी. 'चार' आणि 'चारा' यांतील च एक नव्हे, हे मराठी मूल न शिकवता शिकते. ज्या उपचारकाच्या कानाला हा भेद ठाऊक नाही, तो शुद्ध उच्चार सुधारावयास निघेल. वऱ्हाडातले मूल डोळ्याला 'डोया' म्हणते. तो त्याच्या बोलीचा नियम आहे. पुण्याच्या पेठेतील मूल तसे म्हणू लागले, तर विचार करावा लागेल. तोच प्रश्न 'पानी' आणि 'पाणी' यांचा. बोलीला दोष ठरविण्याची चूक शाळामास्तरांनी पुष्कळ केली. तिच्यावर वैद्यकीय शिक्का बसला, तर एखाद्या निरोगी पोराच्या माथी अकारण व्यंग लागेल. उलट, "खेड्यातले मूल, असेच बोलायचे" म्हणून खरा दोष नजरेआड होण्याची भीतीही तितकीच. म्हणून जो विद्यार्थी या व्यवसायात येऊ पाहतो, त्याने चार तालुक्यांची मराठी कान देऊन ऐकावी, सामान्यरूप आणि लिंगव्यवस्था मुले कोणत्या वयात आत्मसात करतात याची टिपणे ठेवावीत. डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतील भाषाशास्त्रज्ञ आणि रुग्णालयातील वाचोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसावे, असे हे काम आहे.

पदवीनंतरच्या शिक्षणाची सोय कागदावर आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिषदेने मान्य केलेल्या शिबिरांना उपस्थित राहून गुण मिळवावे लागतात. हा नियम चांगलाच आहे. परंतु हजेरीपटावर सही आणि दुपारचे जेवण यांपलीकडे त्यातून काय पदरी पडते, हे ज्याचे त्याने पाहावे. रुग्णाच्या अथवा पालकांच्या संमतीने आपल्याच उपचाराचे ध्वनिमुद्रण करावे आणि दर मिनिटात आपण किती शब्द बोललो व रुग्ण किती, हे रात्री मोजावे. या अभ्यासाला शुल्क लागत नाही. फक्त तो सुखाचा नसतो.

आणि एकटेपणाचे काय? २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना झाली व त्यांत या व्यवसायाला जागा मिळाली. मुंबई-पुण्यात अवघड रुग्णाविषयी विचारावयास शेजारच्या खोलीत वरिष्ठ असतात. आडवळणाच्या जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या उपचारकापुढे सकाळी कर्णबधिर बालक, दुपारी स्वमग्न मुलगा आणि संध्याकाळी, ओळखीतून आलेला, पक्षाघातानंतर पेजही गिळता न येणारा वृद्ध असतो. घास श्वासनलिकेत गेला तर जीवावर बेतते आणि विचारावयास कोणी नसते. त्याला शिकविणाऱ्या महाविद्यालयांनी महिन्यातून एक दुपार राखून ठेवून आपल्या जुन्या विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवर, मराठीतून, केवळ अडलेल्या रुग्णांविषयी बोलावे. त्यासाठी ना इमारत लागते, ना अनुदान. एखाद्या विभागप्रमुखाने येत्या महिन्यापासून आरंभ करावा.