रोही, रानडुक्कर आणि पहिली रायफल

तूर शेंगांवर आली की वाशिम जिल्ह्यातल्या रिठदच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. रोह्यांचा कळप एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पीक लोळवून जातो आणि सकाळी पारावर बंदुकीचा विषय निघतोच. "एक दमदार रायफल घ्यावी, लांबून नेम धरता आला पाहिजे." या एका वाक्यात पीकरक्षण, शिकार आणि नेमबाजी अशा तीन गोष्टींची सरमिसळ आहे. कायद्याने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली रायफल कोणती, हा प्रश्न त्यांतल्या फक्त तिसरीपुरता उरतो.

पहिला समज असा की पिकासाठी रायफलचा परवाना मिळतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 वाचले की चित्र वेगळे दिसते. पीकरक्षणासाठी त्यात नाव आहे ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे ती या सवलतीत बसतच नाही.

त्याहून घट्ट समज म्हणजे परवाना असला की रोही मारायला मोकळीक. बंदूक बाळगण्याचा परवाना एका कायद्याचा, जनावर मारण्याची परवानगी दुसऱ्याच कायद्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हौसेची शिकार या देशात कायदेशीर उरलेली नाही. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश हातात नसेल तर तुमची परवानाधारक बंदूकही गुन्ह्यातला पुरावा ठरते. आदेशावरून मारलेले जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता असते, मटणाचा वाटा कुणालाच नाही. शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो, फासाही येतो आणि विषही. तारेत वीज सोडणारा 'मी कुठे बंदूक चालवली' असे म्हणून सुटत नाही. शिवाय त्या तारेला चिकटून माणसे मरतात, ते वेगळेच.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री अवनी वाघीण मारली गेली. तेव्हा माणसांच्या बळींमुळे निघालेला आदेश होता, प्रकरण त्याआधी न्यायालयात जाऊन आले होते, आणि तरीही कशी मारली यावरून वाद पेटला. हे पाहिल्यावर हौशी माणसाने शिकारीसाठी रायफल घ्यायचा विचार कसा करावा, मला कळत नाही. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळला काळविटांचे अभयारण्य आहे. काळवीट अनुसूची एकमधला, त्याला मारले तर किमान तीन वर्षे कैद.

आता नेमबाजी. तेच कलम 13 शिकाऊ नेमबाजाची रायफलही सांगून ठेवते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाण्याच्या सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल. कोणताही प्रशिक्षक याहून वेगळे सांगणार नाही.

पण पारावर 'पॉइंट टू-टू म्हणजे खेळणं' असे म्हटले जाते. थ्री नॉट थ्रीचा दरारा जुना आहे, मात्र ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते, सामान्य नागरिकाला मिळत नाही. परवान्यावर मिळते ती आयुध निर्माणीची पॉइंट थ्री-वन-फाइव्ह. तिचा धक्का खांद्याला असा बसतो की पाच-दहा गोळ्यांतच नवशिक्या ट्रिगर दाबण्याआधी डोळे मिटायला शिकतो. ही दचक एकदा अंगात शिरली की काढायला फार वेळ जातो. शिवाय एकेका काडतुसाचा हिशेब करणारा माणूस सराव तरी किती करणार?

'दहा मीटरवर काय शिकणार, मला लांबचा नेम हवा' हाही लाडका आक्षेप. दहा मीटर एअर रायफलच्या निशाण्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नळीच्या कोनातली जी चूक तिथे एक मिलिमीटर दिसते, तीच हजार मीटरवर दहा सेंटिमीटर होते. अंतर वाढते तसा वारा आणि गोळीची घसरण त्यात भर घालतात, पण श्वास, खांदा आणि बोट यांची चूक जवळूनच पकडायची असते. गोळी सरळ रेषेत जात नाही, हेही सांगायला हवे. नळीबाहेर पडल्या क्षणापासून ती हातातून सुटलेल्या दगडाइतक्याच वेगाने खाली येऊ लागते. पॉइंट टू-टूची गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत साधारण दहा-बारा सेंटिमीटर घसरते. साइट त्या हिशेबाने लावलेली असते, म्हणून नेम बसतो.

दुर्बिणीने नेम सुधारतो, असे वाटणाऱ्यांसाठी कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे पुरे. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्य जिंकले, ते पॉइंट टू-टू रायफलवर. या प्रकारात दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्राच्या साइटमधून पाहायचे असते. तो घडला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत.

छऱ्याच्या बंदुकीला कायदाच नाही, हा समज अर्धा खरा. 4.5 मिलिमीटरपर्यंतची नळी आणि 20 जूलपर्यंतची ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. पण तिने तितर पाडला तरी ती शिकारच. आणि धुऱ्यावर बाटल्या फोडायला पॉइंट टू-टू काढायची नाही. तिची गोळी किलोमीटरभराच्या पलीकडेही जाऊ शकते, आणि आपल्या सपाट रानात तिला अडवायला मातीचा उंचवटा नसतो.

मग पहिली रायफल कोणती घ्यावी? बहुधा कोणतीच नाही. क्लबची किंवा कॉलेजात एनसीसी असेल तर तिथली टू-टू हाती घ्यावी. तिच्यावर दस्त्याची कोणती लांबी आपल्या हाताला बसते, किती वजन पेलते हे कळते. विकत घेण्याची वेळ आलीच तर अर्ज वाशिमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यासोबत शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि घरात रायफल कुठे, कशी बंद ठेवणार हेही सांगावे लागते.